युद्धनौकेचे नाव आणि सागाचे झाड

भारतीय नौदलाची माहिती शिकवायची वेळ आली की चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या शिक्षकापुढे एक अडचण उभी राहते. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. युद्धनौका, पाणबुडी हे शब्द त्यांना चित्रातून आणि पडद्यावरून ठाऊक असतात. साहजिकच नौदल हा मुंबई-कोकणाकडच्या लोकांचा विषय, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत दूर करायला फार लांब जावे लागत नाही. शाळेच्या आवारात किंवा गावाच्या शिवेवर सागाचे झाड असेल, तर नौदलाच्या इतिहासातला दोनशे वर्षांहून मोठा कालखंड त्या झाडाच्या सावलीत बसून शिकवता येतो.

या लेखात काही युद्धनौकांची नावे आणि त्यांची कारकीर्द आपण पाहणार आहोत. ती पाहताना एक प्रश्न सोबत ठेवू. जहाजाला नाव देताना लढाई, सेनापती, नदी किंवा शहर यांची आठवण जपली जाते. ज्या झाडापासून ते जहाज तयार झाले, ते झाड कोणाचे होते?

जहाजाला नाव कशासाठी?

जहाज ओळखण्यासाठी क्रमांक पुरेसा असतो. प्रत्येक युद्धनौकेवर तो रंगवलेलाही असतो. तरीही जगातली बहुतेक नौदले मोठ्या जहाजांना नावे देतात, कारण नावाबरोबर परंपरा चालत येते. एखादी नौका निवृत्त झाली की काही वर्षांनी तेच नाव नव्या नौकेला दिले जाते.

आपल्या नौदलात या नावांना एक शिस्त आहे. विनाशिकांना बहुधा शहरांची नावे मिळतात : दिल्ली, कोलकाता, विशाखापट्टणम. फ्रिगेट या वर्गातल्या नौकांना पर्वतांची किंवा नद्यांची : निलगिरी, शिवालिक, गोदावरी, ब्रह्मपुत्रा. पूर्वीच्या सुरुंगशोधक नौकांना किनाऱ्यावरच्या गावांची नावे होती. पाणबुड्यांच्या नावांत समुद्रातले प्राणी आढळतात. ‘कलवरी’ हे एका शार्क माशाचे मल्याळी नाव. पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात आली आणि तेव्हापासून तो दिवस पाणबुडी दिन मानला जातो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली. ‘खांदेरी’ हे नाव तर मराठी वाचकाला सांगायलाच नको. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने ज्या बेटासाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंज दिली, त्या बेटाचे हे नाव. पहिली ‘खांदेरी’ पाणबुडी १९६८ मध्ये, तर दुसरी २०१९ मध्ये सेवेत आली.

म्हणजे नावांची यादी वाचली की नाव ठेवणाऱ्याला कोणता इतिहास महत्त्वाचा वाटला, हे कळते. हीच कसोटी आता दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या जहाजांना लावून पाहू.

मुंबईच्या गोदीतली सागवानी जहाजे

१७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार-कारागीर सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत गोदी उभारायची होती आणि त्यासाठी जाणता कारागीर हवा होता. लवजींच्या देखरेखीखाली १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. पुढे शंभरहून अधिक वर्षे वाडिया घराण्यातल्या पिढ्यांनी तेथे जहाजे बांधली. १८१० मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका तयार झाली. ब्रिटिश नौदलाने आपल्या देशाबाहेर बांधून घेतलेली अशा मोठ्या वर्गातली ही पहिली नौका.

त्यानंतर एकामागून एक जहाजे पाण्यात उतरली. त्यांची नावे आणि आयुष्य पाहण्यासारखे आहे.

‘मिंडेन’ हे जर्मनीतल्या एका गावाचे नाव. १७५९ साली तेथे झालेली लढाई इंग्रजांच्या बाजूने जिंकली म्हणून ते जहाजाला मिळाले.

‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये तयार झाली. नाव गव्हर्नर जनरलचे. पहिल्या अफू-युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर याच जहाजावर सह्या झाल्या. या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले.

‘वेलस्ली’ १८१५ मधली. हेही नाव गव्हर्नर जनरलच्या घराण्याचे. १८३९ मध्ये कराची घेताना तिच्या तोफांनी किनाऱ्यावरच्या मनोरा किल्ल्यावर मारा केला. १८६८ मध्ये तिचे नाव बदलून ‘कॉर्नवॉल’ ठेवले आणि ती प्रशिक्षणाचे जहाज झाली. सप्टेंबर १९४० मध्ये, म्हणजे वयाच्या १२५ व्या वर्षी, थेम्स नदीत नांगरलेली असताना जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती बुडाली. शिडांच्या युगात जन्मलेले जहाज विमानाने बुडवले, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

‘एशिया’ १८२४ मध्ये पाण्यात उतरली. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ती इंग्रज नौसेनापतीची मुख्य नौका होती. सर्वस्वी शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी आरमारी लढाई मानतात.

आणि ‘त्रिंकोमाली’. श्रीलंकेतल्या त्या बंदराजवळ १७८२ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची गाठ पडली होती, तिची ही आठवण. या जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या नौकेवरून मुंबईला येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन नौकेने ‘जावा’चा पराभव केला आणि नकाशे गेले. ते पुन्हा मागवावे लागले. १८१६ मध्ये काम सुरू करताना जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. पुढे १८९७ मध्ये ते मोडीत विकले गेले होते. परंतु एका गृहस्थाने ते विकत घेतले. त्याचे ‘फुद्रॉयाँ’ नावाचे आधीचे जहाज वादळात फुटले होते, म्हणून त्याने यालाच ते नाव दिले. जवळजवळ नव्वद वर्षे दुसऱ्याच्या नावाने वावरल्यावर १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळाले. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे हे जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. ब्रिटनच्या अजून तरंगणाऱ्या युद्धनौकांमध्ये ते सर्वांत जुने आहे.

या नावांत लढाया आहेत, गव्हर्नर जनरल आहेत, एक खंडही आहे. मुंबई नाही, वाडिया नाहीत, आणि ज्या लाकडामुळे ही जहाजे इतकी टिकली त्या सागाचा तर उल्लेखही नाही.

ओक संपला, साग आला

इंग्लंडची युद्धनौका म्हणजे ओकच्या लाकडाची, अशी परंपरा होती. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजाला सुमारे ६,००० झाडे लागली, असे सांगितले जाते. जहाजाच्या उपयोगाचा ओक वाढायला शंभर वर्षे लागतात. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धात जहाजे इतक्या वेगाने बांधली गेली की इंग्लंडमध्ये चांगला ओक मिळेनासा झाला. मुंबईच्या गोदीला ब्रिटिश नौदलाची कामे मिळाली ती या टंचाईमुळे. सागाचे लाकूड ओकपेक्षा सरस आहे, हेही लवकरच ध्यानात आले.

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. ‘टेक्टोना’ हे मल्याळी ‘तेक्क’ या शब्दावरून आले. सिरोंचा परिसरात तेलुगू बोलणारी मुले याच झाडाला ‘टेकू’ म्हणतात. म्हणजे शास्त्रीय नावाचे मूळ त्यांच्या घरातल्या भाषेच्या नात्यातच आहे. पूर्वी सागाचा समावेश निर्गुडीबरोबर एका वेगळ्या कुलात करीत. आता तो तुळशीच्या कुलात करतात. कोवळे पान चोळले की बोटे लाल होतात, हे जंगलातल्या कोणत्याही मुलाला माहीत असते. जून पान खरखरीत लागते.

सागाच्या आतल्या पक्व लाकडात, ज्याला आपण नार किंवा गाभा म्हणतो, अँथ्राक्विनोन आणि नॅफ्थोक्विनोन गटातली काही संयुगे असतात. त्यांपैकी टेक्टोक्विनोन हे वाळवीला दूर ठेवते. शिवाय रबरासारखा एक पदार्थ आणि तेलकट अंश लाकडात मुरलेला असतो. त्यामुळे लाकूड पाणी सहज शोषत नाही. भिजल्यावर ते फार फुगत नाही, वाळल्यावर फार आकसत नाही. जहाजाच्या फळ्यांच्या सांध्यांना हा गुण किती मोलाचा, हे सांगायला नको.

आणखी एक फरक रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार बोलका आहे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की लोखंड खाल्ले जाते आणि निळसर काळा पदार्थ तयार होतो. जुन्या काळी शाई याच क्रियेने बनवीत. ओकच्या जहाजात लोखंडी खिळे व बोल्ट हळूहळू झिजत आणि भोवतीचे लाकूडही कमजोर होत असे. सागात लोखंडाला असा त्रास होत नाही.

हे वर्गात दाखवता येईल. टॅनिनसाठी ओक शोधायची गरज नाही. आपल्या जंगलातला हिरडा पुरे. एका पेल्यात हिरड्याचा काढा आणि दुसऱ्यात सागाच्या भुशाचे पाणी घ्या. दोन्हींत घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा टाका. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने दोन्ही पेल्यांचे निरीक्षण करून मुलांना तुलना लिहू द्या.

झाड कोणाचे?

आरमाराला लाकूड लागते आणि लाकूड कोठून तरी आणावे लागते. हे संकट राज्यकर्त्यांपुढे नेहमीच होते. त्याची दोन वेगळी उत्तरे आपल्या इतिहासात सापडतात.

पहिले उत्तर मराठीत लिहिलेले आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे एक प्रकरण आहे. त्यात असे सांगितले आहे की राज्यातल्या अरण्यातला साग वगैरे आरमाराच्या कामाला लागेल तो हुजूरच्या परवानगीने तोडावा, अधिक लागेल ते लाकूड परमुलखातून खरेदी करावे. आंबा, फणस हीदेखील आरमाराच्या उपयोगाची लाकडे आहेत. परंतु त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याची समजूत घालून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी करू नये. आरमाराची गरज मोठी असली तरी ती रयतेच्या झाडापुढे थांबते, असा या आज्ञेचा अर्थ.

दुसरे उत्तर ईस्ट इंडिया कंपनीने दिले. मुंबईच्या गोदीला साग पुरवणारी मुख्य जंगले मलबारमध्ये होती. जहाजांसाठी लाकूड हमखास मिळावे म्हणून १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याची तेथे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. भारतातला हा पहिला वनसंरक्षक. लगेचच सागाच्या झाडांवर कंपनीचा हक्क जाहीर झाला. झाड कोणाच्याही जमिनीत असो, ते तोडण्याचा अधिकार मालकाला राहिला नाही. लोकांमध्ये इतका असंतोष पसरला की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या काळात ही व्यवस्था रद्द करावी लागली.

व्यवस्था गेली, पण गरज गेली नाही. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने निलांबूर येथे सागाची लागवड करवली. ती जगातल्या सर्वांत जुन्या नियोजित सागवनांपैकी आहे. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली सरकारी वनखाते सुरू झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे झाले. राखीव जंगल ही कल्पना, आणि मोलाचे लाकूड सरकारचे हा दंडक, या मार्गाने देशभर पसरला. त्याची सुरुवात जहाजाच्या कण्यापासून झाली होती.

लोखंडाच्या मागेही साग

वनखाते स्थिरावले तोपर्यंत जहाजेच बदलू लागली होती. १८६० च्या अखेरीस ‘वॉरियर’ ही लोखंडी सांगाड्याची आणि चिलखती युद्धनौका इंग्लंडमध्ये पाण्यात उतरली. लाकडी युद्धनौकेचे युग संपल्याची ती खूण होती. मात्र तिच्या चिलखताचा छेद पाहिला तर गंमत दिसते. बाहेर साडेचार इंच जाडीचे लोखंडी पत्रे, आणि त्यांच्या मागे अठरा इंच जाडीचा सागवानी थर.

याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. तोफेचा गोळा आदळला की नुसता लोखंडी पत्रा तडकण्याची आणि त्याचे बोल्ट तुटण्याची भीती असते. मागे लाकडाची जाड गादी असेल तर धक्का मोठ्या भागावर पसरतो आणि लाकडाचे तंतू दबताना त्याची ऊर्जा जिरते. ओक वापरला असता तर टॅनिनने चिलखत आतून गंजवले असते. म्हणून साग. पुढे पोलादी युद्धनौकांचे डेकही सागाच्या फळ्यांचे करीत. अशा कामांसाठी ब्रह्मदेशातला साग फार गेला.

विसाव्या शतकात लाकूड पुन्हा एकदा युद्धनौकेत आले, तेही चुंबकामुळे. १९३९ मध्ये जर्मनीने चुंबकीय सुरुंग वापरले. पोलादी जहाज वरून गेले की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलाने हे सुरुंग फुटत. असे सुरुंग शोधायला पोलादी जहाज पाठवणे म्हणजे आगीत हात घालणे. म्हणून सुरुंगशोधक नौका लाकूड आणि ॲल्युमिनियम यांच्या बांधू लागले. भारतीय नौदलाने १९५६ मध्ये ब्रिटनकडून अशा चार नौका घेतल्या : कारवार, कॅनानोर, कडलूर आणि काकीनाडा. त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि फळ्या महोगनीच्या होत्या. यांतले शेवटचे नाव लक्षात ठेवू. ते आपल्याला चंद्रपूरकडे घेऊन जाणार आहे.

प्रणहितेची वाट

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. सिरोंचाहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ७५० किलोमीटर आहे, तर आंध्र किनाऱ्यावरचे काकीनाडा सुमारे ३२० किलोमीटर. चंद्रपूर-गडचिरोलीचा जवळचा समुद्र बंगालचा उपसागर आहे. तिकडे जाणारा रस्ताही निसर्गाने आखून दिला आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्रणहिता होते, प्रणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते.

गोदावरीच्या मुखाशी जहाजबांधणीचा व्यवसाय जुना आहे. सतराव्या शतकात नरसापूर व मदापोल्लम येथे इंग्रज कंपनीही जहाजे बांधून घेत असे. पुढे कोरिंगा हे बंदर जहाजांच्या बांधणीसाठी व दुरुस्तीसाठी नावाजले; १८३९ च्या चक्रीवादळाने त्याचा नाश केला. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग हे अठराव्या शतकाच्या अखेरीस काकीनाडाजवळच्या सामलकोटला राहत होते. गोदावरीकाठचा साग इतर ठिकाणच्या सागापेक्षा जड आणि सुंदर रेषांचा असतो, असे त्यांनी नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकात अहेरी-सिरोंचा भागातल्या सागाचे ओंडकेही याच जलमार्गाने खाली नेले जात.

लाकूड पाण्यावर तरंगते, मग ओंडका नदीत सोडला की झाले, असे वाटेल. सागाच्या बाबतीत ते खरे नाही. नुकताच तोडलेला साग रसाने इतका जड असतो की तो पाण्यात बुडू शकतो. वाळलेल्या सागाचे एक घनमीटर लाकूड मात्र सुमारे ६५० किलोग्रॅम भरते, म्हणजे ते साधारण दोन-तृतीयांश पाण्यात आणि एक-तृतीयांश वर राहून तरंगते. म्हणून ज्या प्रदेशांतून साग नदीवाटे नेत, तेथे झाड उभे असतानाच त्याच्या बुंध्याभोवती सालीचे आणि बाहेरच्या लाकडाचे कडे काढून टाकीत. वर जाणारे पाणी तुटते, झाड उभ्या उभ्या दोन-तीन वर्षे वाळते, आणि मग तोडून नदीत सोडता येते. आधाराला बांबूच्या मोळ्या बांधण्याचीही रीत होती. वनस्पतीतले पाण्याचे वहन आणि आर्किमिडीजचे तत्त्व, दोन्ही धडे या एका युक्तीत आहेत.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८५८ मध्ये येथे बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. याच काळात सर ऑर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून गोदावरी-प्रणहिता-वर्धा हा मार्ग नौकांसाठी मोकळा करण्याची योजना सुरू झाली. हेतू मुख्यतः वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्रापर्यंत नेण्याचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्रणहितेवर अहेरीजवळ देवलमरी. मोठा खर्च करून १८७१ मध्ये योजना सोडून द्यावी लागली. तोवर कापूस आणि लाकूड दोन्ही रेल्वेकडे वळले होते. जहाजासाठी जन्मलेला वनकायदा चांद्याच्या जंगलात रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि इमारती लाकडासाठी कामाला लागला.

या जंगलातला साग आजही नावाजलेला आहे. आलापल्लीजवळ सुमारे ६ हेक्टरांचा जुन्या सागाचा एक तुकडा अस्पर्श राखला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मुलांना जहाजाच्या कण्याला लागणारे झाड केवढे असते हे दाखवायचे असेल, तर याहून चांगली जागा नाही.

‘गोदावरी’ नावाच्या दोन नौका

ज्या नदीने हे लाकूड समुद्राकडे नेले, तिचे नाव मात्र युद्धनौकेला मिळाले, आणि एकदा नव्हे, दोनदा. पहिली ‘गोदावरी’ इंग्लंडमध्ये बांधली गेली आणि १९४३ मध्ये तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. ‘गोदावरी’ पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. नदी इकडे राहिली, जहाज तिकडे गेले.

दुसरी ‘गोदावरी’ माझगाव गोदीत बांधली गेली. १५ मे १९८० रोजी ती पाण्यात उतरली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी सेवेत आली. तिचा आराखडा भारतीय नौदलाच्या तंत्रज्ञांनी केला होता. रशियन, पाश्चात्त्य आणि भारतीय बनावटीची यंत्रे व शस्त्रे एकाच जहाजात एकमेकांशी जुळवून घेणे हे त्या काळी मोठे आव्हान होते. ते पेलल्यामुळे पुढच्या नौकांची वाट सोपी झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला सशस्त्र उठाव मोडल्यावर ओलीस धरलेल्या लोकांना घेऊन पळणारे मालवाहू जहाज ‘गोदावरी’ आणि ‘बेटवा’ या नौकांनी अडवले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘गोदावरी’ निवृत्त झाली.

लाकडाची जागा पोलादाने घेतल्यावर जंगलाचा संबंध संपला, असे मात्र समजू नये. २०२२ मध्ये सेवेत आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी ‘सेल’ या सरकारी कंपनीने सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवले. पोलादाला लोहखनिज लागते, आणि आपल्या देशातले लोहखनिज बहुतांश जंगलाखाली आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर चांगल्या प्रतीचे हेमेटाइट आहे. तेथे खाणकाम सुरू झाल्यापासून माडिया गावांच्या ग्रामसभा, सरकार आणि कंपनी यांच्यात हक्कांचा प्रश्न उभा राहिला आहे. जहाज, रूळ, पूल किंवा घर, कशासाठीही असो. प्रश्न तोच आहे, जो ‘आज्ञापत्रा’ने आंब्या-फणसाबद्दल विचारला होता.

त्याचे एक अर्धे उत्तर गडचिरोलीतच मिळाले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या अशा गावांपैकी हे एक. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. उत्तर अर्धे म्हणण्याचे कारण असे : हा कायदा ज्या गौण वनोपजाची मालकी गावाला देतो, त्यात बांबू आहे, तेंदू आहे, मोह आहे, इमारती लाकूड नाही. सागाबाबत १८०६ साली मलबारमध्ये जहाजांसाठी आखलेली रेघ पुसटशी का होईना, अजून कायद्यात दिसते.

वर्गात काय करता येईल?

इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांचे तास एकत्र करून हा विषय चार-पाच दिवस चालवता येईल. गोदावरी खोऱ्याचा नकाशा काढून आलापल्ली, देवलमरी, सिरोंचा, राजमहेंद्री, काकीनाडा ही ठिकाणे मुलांना भरू द्या. वाळलेल्या सागाचा आणि बांबूचा तुकडा पाण्यात सोडून किती भाग बुडतो ते मोजा, आणि त्यावरून लाकडाची घनता काढा. भारतीय नौदलाच्या वीस नौकांची नावे गोळा करून त्यांचे नद्या, डोंगर, शहरे, प्राणी, किल्ले असे गट पाडा. कोणत्या गोष्टींची नावे कधीच दिसत नाहीत, तेही मुलांना शोधू द्या. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घरच्या आवारातला साग तोडायला आज कोणकोणत्या परवानग्या लागतात, याची यादी करा. ती यादी आणि ‘आज्ञापत्रा’तला तो भाग मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा. शेवटी मुलांना एका नव्या युद्धनौकेला आपल्या जिल्ह्यातले नाव सुचवायला सांगा. नाव कोणते आणि का, ही कारणे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावीत.